पितळी घराण्यातला तेंग-खो

किम-ह्योने तेंग-खोला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या आजोबांच्या अंत्ययात्रेत, आणि पाहिलं म्हणजे आधी फक्त त्याचे बूट पाहिले. सुतकातल्या नातीने डोक्यावर तागाची खोळ घेऊन मान खाली घालूनच चालायचं असतं. त्यामुळे पुढे चाललेल्या बँडवाल्यांचं तिला पोटरीच्या वर काही दिसत नव्हतं. सगळ्यांचे बूट धुळीने माखलेले होते, एकाचे मात्र पांढरेशुभ्र. टूथपेस्ट चोळल्याशिवाय कॅनव्हास इतका पांढरा होत नाही हे तिला ठाऊक होतं, कारण तिचा भाऊ कवायतीच्या दिवशी हेच करायचा. तिने खोळ बोटभर वर सारली. त्या बुटांवर एक किडकिडीत तरुण उभा होता. तोंडाला ट्रम्पेट लावलेलं, आणि गाल असे फुगलेले की दोन्हीकडे एकेक वाफवलेला पाव दडवून ठेवलाय असं वाटावं. आजोबांवर तिचा फार जीव होता. तरीही तिला हसू आलं. तिचे खांदे हलताना पाहून आत्याने तिला जवळ घेतलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या पोरीसारखी माया कुणी केली नाही.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हौली गावातल्या एका सॅक्सोफोनच्या कारखान्यात तीन वर्षं गाद्या बसवत होती. त्या गावात दर तिसऱ्या घरात सॅक्सोफोनचा एखादा तुकडा बनायचा. कुणी नळ्या वाकवी, कुणी सांध्यांना डाक देई, कुणी नुसत्या कळा घासून चकचकीत करी. किम-ह्योकडे शेवटचं काम होतं. प्रत्येक कळेखाली चामड्याची गोल गादी लाखेने चिकटवायची, मग नळीत छोटा दिवा सोडायचा आणि कळा दाबून बघायचं. गादीच्या कडेने दोऱ्याएवढाही उजेड बाहेर आला, तर तिथून वाराही बाहेर जाणार. मग गादी उचकटायची, लाख पुन्हा तापवायची. हे काम तिने पंचेचाळीस वर्षं केलं. तिने बसवलेल्या गाद्यांबद्दल कधी तक्रार आली नाही, आणि ती स्वतः कधी एक गाणंही वाजवायला शिकली नाही.

त्याच तेंग-खोशी लग्न झाल्यावर तिला कळलं, की आपला नवरा सॅक्सोफोनला वाद्य मानत नाही.

सॅक्सोफोन डोक्यापासून पायापर्यंत पितळेचा असतो. ट्रम्पेटही पितळेचं. एकाच पत्र्यातून दोन्ही कापता येतील. पण जाणकार सॅक्सोफोनला लाकडी घराण्यात बसवतात, बासरी आणि क्लॅरिनेटच्या पंगतीला. कारण त्याच्या काळ्या चोचीला बोरूची एक पातळ पत्ती बांधलेली असते, फुंकल्यावर ती थरथरते आणि सूर तिच्यातून निघतो. ट्रम्पेटला पत्ती नसते. तिथे एक पितळी वाटी असते, तिच्यावर माणसाने ओठ आवळून धरायचे आणि ओठच थरथरवायचे. किम-ह्योच्या दृष्टीने ही एक माहिती होती. तेंग-खोच्या दृष्टीने हा कुळाचा प्रश्न होता.

सॅक्सोफोन म्हणजे नवरदेवाचा कोट घातलेला बोरू, असं तो म्हणे. ज्याला स्वतःचे ओठ नाहीत त्याने पत्ती चोखावी, असंही म्हणे, आणि हे गावच्या देवळासमोर, चहाच्या टपरीवर, जिथे बसलेल्या दहांपैकी आठांच्या नखांत सॅक्सोफोनचं पॉलिश असे. हौलीत राहून असं बोलणं म्हणजे कुंभारवाड्यात उभं राहून तांब्याच्या घागरीची स्तुती करण्यासारखं होतं. लोक हसत. कारण लोकांना माहीत होतं, की मर्तिकं काही रोज होत नाहीत आणि तेंग-खोच्या घरातला तांदूळ सॅक्सोफोनवर येतो.

किम-ह्यो त्याला म्हाताऱ्या म्हणायची. तिकडच्या बायका लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला म्हातारा म्हणू लागतात, त्यात राग नसतो. "म्हाताऱ्या," ती म्हणे, "तुझं घराणं मोठं. आता तेवढी माझ्या लाकडी घराण्याची पेज जेव, निवत चाललीय."

तो जेवायचा. रताळ्याच्या पेजेचे तीन वाडगे.

त्याच्या अभिमानाला एक आधार मात्र खरा होता. क्वा वस्ताद नावाच्या माणसाने त्याला ट्रम्पेट शिकवलं होतं. वस्तादांचे अकरा शिष्य. एका मेजवानीत, तिळाच्या तेलातली कोंबडी आणि तांदळाची दारू पोटात गेल्यावर, वस्तादांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की माझ्या शवपेटीपुढे ट्रम्पेट घेऊन तेंग-खोने चालायचं, दुसऱ्या कुणी नाही. दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. तेंग-खोने ते पुढची वीस वर्षं जपलं. लोक आपली ओळख करून देताना गाव सांगतात, धंदा सांगतात. हा सांगायचा, "क्वा वस्तादांच्या पुढे मी चालणार आहे." वस्तादांची प्रकृती विचारायला तो महिन्यातून दोनदा पेरू घेऊन जायचा, आणि त्याच्या विचारपुशीत काळजी किती आणि तयारी किती, हे वस्तादांनाही नीट सांगता आलं नसतं.

चाळीस वर्षं सुपारी चघळल्यावर दातांचं जे होतं ते त्याचंही झालं. एकसष्टाव्या वर्षी पुढचे चार दात हलू लागले, आणि शेजारच्या फेंगयुआन शहरातल्या दातांच्या डॉक्टरने ते एका दुपारी काढून टाकले. कवळी बसली. हसताना ती छान दिसायची. मग त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं.

ट्रम्पेटची वाटी असते रुपयाएवढी. ती ओठावर टेकते, ओठ दातांवर टेकतो, आणि मागे मुळं घट्ट असलेली भिंत हवी. तेंग-खोची भिंत आता चिकटवलेली होती. पहिल्या फुंकीला ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या फुंकीला कवळी तिरकी झाली. तिसऱ्या फुंकीला किम-ह्योने खिडकी लावून घेतली, शेजारी जेवत होते.

तो वस्तादांकडे गेला. एक्याण्णव वर्षांचे वस्ताद देवळाच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांना त्याने सगळं सांगितलं, कवळी काढून दाखवली. किम-ह्यो पेरूंची पिशवी घेऊन मागे उभी होती.

"घाई करू नकोस," वस्ताद म्हणाले. "मी थांबलोय. पण ते माझ्या हातात नाही रे. उद्या बोलावणं आलं तर माझ्या शिष्याच्या दातांची अडचण आहे, असं काही मला सांगता यायचं नाही."

"तुम्ही नव्वदी पार केलीत वस्ताद. शंभर सहज गाठाल."

"माझ्यासाठी म्हणतोयस की तुझ्यासाठी?"

नऊ दिवसांनी वस्ताद गेले.

पंचांग बघणाऱ्याने अंत्ययात्रेला सतरावा दिवस काढून दिला. त्याआधीचा प्रत्येक दिवस कुणा ना कुणा मुलाच्या किंवा सुनेच्या जन्मवर्षाला वाईट होता. घराबाहेर रस्त्यावर मांडव पडला, फोटो लागला, कागदी कमळांचा ढीग वाढू लागला. तेंग-खोच्या हाती सतरा दिवस आले.

बँड आता त्याचा पुतण्या बुन-पिन चालवत होता. बुन-पिन तोंडावर उद्धट कधी बोलत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागायचं. तो घरी आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "काका, तुम्ही बँडचा फलक धरून सगळ्यात पुढे चाला. पुढे चालणं महत्त्वाचं, नाही का?"

"फलक कोण धरतं?" तेंग-खोने विचारलं.

"ज्याला वाजवता येत नाही तो." मग त्याच्या लक्षात आलं, काय बोललो ते. "किंवा सॅक्सोफोन घ्या. खोटं नाही सांगत, आपल्या तीन सॅक्सोफोनवाल्यांच्या तोंडात कवळ्या आहेत. वरचे दात चोचीवर टेकायचे, बस. काकू तर घरातच आहे शिकवायला."

तिसऱ्या दिवशी सकाळी तेंग-खो कारखान्यात किम-ह्योच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि कुणा परक्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, की त्या पत्तीच्या वाद्यात नेमकं करायचं काय असतं. तिने दाखवलं. खालचा ओठ दातांवर गुंडाळायचा, चोच त्यावर ठेवायची, वरून दात टेकवायचे. पत्ती आपली आपण थरथरते.

"मग मी काय करायचं?"

"वारा घालायचा आणि गप्प राहायचं."

"एवढंच?"

"तुला यातलं एक येतं," किम-ह्यो म्हणाली. "दुसरं चाळीस वर्षांत जमलेलं मी पाहिलं नाही."

तो निघून गेला. त्याला खरं काय बोचलं ते तिला नंतर उमगलं. आयुष्यभर सूर त्याच्या स्वतःच्या मांसातून निघाला होता. आता त्याच जागी एक वाळकी काडी थरथरणार आणि हा तिला हवा पुरवणारा भाता. ट्रम्पेटवाल्याला तुझे ओठ नकोत म्हणणं, हे त्याला घरातून निघ म्हटल्यासारखं लागलं असणार. पण हे कळलं म्हणून तिने शब्द मागे घेतले नाहीत. ते खरेच होते.

आणि मग त्याने जे केलं, ते हौलीचाच माणूस करू शकतो. दुसऱ्या गावचा माणूस रडला असता किंवा शिकला असता. तेंग-खो लेथवाल्या अ-तुनकडे गेला. अ-तुन कुणालाही नाही म्हणत नसे आणि कशासाठी हवंय ते कधी विचारत नसे, म्हणून गावातली सगळी वेडगळ कामं त्याच्याकडे जात. तेंग-खोने त्याच्याकडून पितळेचा एक जोड तासून घेतला. त्याचं एक टोक सॅक्सोफोनच्या मानेवर, म्हणजे चोच बसते त्या वाकड्या नळीवर, बसायचं, दुसऱ्या टोकात ट्रॉम्बोन या थोरल्या पितळी वाद्याची वाटी. ट्रॉम्बोनची वाटी ट्रम्पेटच्या वाटीपेक्षा चांगली दीडपट मोठी, म्हणजे तिची कड कवळीच्या बाहेर टेकणार, हा त्याचा हिशोब. आणि हा हिशोब चुकला नव्हता. पेरूच्या बागेत जाऊन त्याने फुंकलं आणि आवाज आला.

तो घरी आला तो मान वर करून. किम-ह्योने तो सॅक्सोफोन ओळखला. तिनेच वर्षापूर्वी गाद्या बसवून घरी आणलेला, कळेवर ओरखडा राहिला म्हणून मालकाने विकायला न काढलेला. त्याच्या मानेवरचं, चोच घट्ट धरणारं बूच खरवडून काढलेलं होतं.

"पत्ती नाही," तेंग-खो म्हणाला. "ओठ. माझे. म्हणजे आता हा पितळी झाला. कूळ बदललं त्याचं."

तिने त्याला एकदाच सांगितलं. या नळीची भोकं पत्तीच्या हिशोबाने पाडलेली आहेत. पत्ती बोटांचं ऐकते, तुझे ओठ बोटांचं ऐकणार नाहीत. ट्रम्पेटला दट्टे तीन, बाकी सगळं ओठांनी करायचं, ती सवय तुझ्या तोंडाला आहे. बोटं एक सूर मागतील आणि ओठ भलत्याच सुरावर जाऊन बसतील. तेंग-खोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, की लाकडी घराण्यातली माणसं नेहमी असंच घाबरवतात. बागेत तो रोज एकच हळू गाणं घोळवत राहिला. तिथे त्याला ऐकणारे फक्त पेरू होते, आणि त्यांनी काही तक्रार केली नाही.

सतराव्या दिवशी सकाळी निघताना किम-ह्योने तिच्या कापडी पिशवीत एक पंचा ठेवला, आणि पंच्यात गुंडाळून कारखान्यातून आणलेली सॅक्सोफोनची दुसरी मान, बूच लावलेली, चोच बसवलेली, पत्ती भिजवून बांधलेली. तेंग-खोला ती काही बोलली नाही.

मांडवात सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. भाड्याने आणलेली रडणारी बाई, पांढऱ्या कपड्यांत, हातात माइक, गुडघ्यांवर रांगत शवपेटीकडे सरकत होती आणि जन्मात कधी न पाहिलेल्या वस्तादांना बाबा म्हणून हाका मारत होती. तिचा आवाज टिपेला पोचला की बँडने उचलायचं. तेंग-खो सगळ्यांच्या पुढे उभा होता, सोनेरी गोफ लावलेली टोपी, पांढरे बूट. त्याने जोड लावलेला तो सॅक्सोफोन उचलला, वाटी ओठांना लावली.

बागेत त्याचे ओठ निवांत होते. इथे बाकीचे दहाही शिष्य, वस्तादांचे तिन्ही मुलगे, अर्धं गाव. ओठ आवळले गेले, आणि बोटांनी मागितलेला सूर सोडून वर उडाले, तिथून घसरले, मग खाली कुठेतरी आदळले. चिखलात रुतलेल्या रेडकाने आईला हाक मारावी तसा तो आवाज होता, आणि ट्रम्पेटवाल्याच्या छातीतून निघालेला, त्यामुळे लहान नव्हता. रडणारी बाई हुंदक्याच्या मध्येच थांबली. बावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच तिने मागे वळून पाहिलं. तिच्या माइकमधून स्पष्ट ऐकू आलं, "अगं बाई, हे काय."

तेंग-खोने पुन्हा फुंकलं. थांबायला हवं होतं, पण तो थांबणारा माणूस असता तर इथवर आलाच नसता. दुसरा आवाज पहिल्यापेक्षा वाईट होता.

वस्तादांचा थोरला मुलगा, अंगावर ताग, पायांत गवताच्या चपला, हातातली काठी टेकत आला. त्याने रीतीप्रमाणे आधी वाकून नमस्कार केला.

"तेंग-खो दादा," तो म्हणाला, "वडिलांना ऐकू कमी यायचं. पण आम्हाला येतं."

बुन-पिनने खूण केली. सव्वीस वर्षांचा एक ट्रम्पेटवाला, सगळे दात जागच्या जागी, पुढे येऊन उभा राहिला. तेंग-खोला कुणी काही सांगितलं नाही. तो स्वतःच बाजूला झाला आणि रांगेच्या कडेने मागे मागे जात फुलांच्या गाडीपाशी पोचला. टोपी काढून त्याने हातात घेतली. घरी कसं जायचं याचा विचार करत असावा, कारण आला होता तो पुतण्याच्या गाडीतून.

किम-ह्यो तिथे आली. तिने त्याच्या गळ्यातला सॅक्सोफोन धरला, स्क्रू सैल केला, अ-तुनचा जोड मानेसकट काढून पिशवीत टाकला आणि पंच्यातली मान बसवली. स्क्रू आवळला.

"मला यातला एकही सूर येत नाही," तेंग-खो म्हणाला.

"एक येईल. सगळ्यात खालचा. सगळी भोकं बंद केली की तो निघतो, बोटं हलवायचीच नाहीत." तिने एकेक करून त्याची बोटं कळांवर बसवली, करंगळ्याही. "एक गादी जरी गळत असेल तर हा सूर निघत नाही. यातल्या सगळ्या मी बसवल्यात. ओठ ढिले सोड. काही करू नकोस."

"काही करू नको म्हणजे कसं?"

"म्हाताऱ्या, वारा घाल."

त्याने घातला. आधी नुसती फुसफुस झाली, मग नळीच्या तळातून एक जाड, खरखरीत, संथ सूर निघाला आणि टिकला. तेंग-खो दचकला. चाळीस वर्षांत त्याने काही न करता सूर निघाला, असं झालं नव्हतं. छातीत वारा मात्र भरपूर होता, तो कवळीने नेलेला नव्हता.

बुन-पिनने वळून पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि ज्या गाण्यांत तो एक सूर खपून जाईल अशीच गाणी त्या दिवशी लावली. अशी दोन होती. मिरवणूक स्मशानापर्यंत तीच दोन गाणी आलटून पालटून वाजवत गेली. क्वा वस्तादांच्या पुढे सव्वीस वर्षांचा तो मुलगा चालला. तेंग-खो सगळ्यांच्या शेवटी, फुलांच्या गाडीच्या धुरात, प्रत्येक ओळीच्या अखेरीला तो एक सूर लावत चालला. दोनदा भलत्या जागी लावला. जे वचन त्याने वीस वर्षं साऱ्या गावाला ऐकवलं, ते त्याने पाळलं नाही, त्याच्या जागी दुसरा चालला. हे त्याला कळत होतं. मयताच्या घरून प्रत्येकाला देतात तो आभाराचा पंचा घेताना त्याने थोरल्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

ते घरी आले. किम-ह्योने पेज वाढली. त्याने एकच वाडगा खाल्ला आणि वाडगा बाजूला सारून विचारलं, "कुठलं बोट उचललं की दुसरा सूर येतो?"

तिने सांगितलं.

शिकणं त्याला सोपं गेलं नाही. पहिली दोन वर्षं तो पत्ती दातांत धरून चावायचा, जणू तिने काही पळवलंय आणि ते तिच्याकडून परत घ्यायचंय. सूर लागला की म्हणायचा माझ्या छातीमुळे, चुकला की म्हणायचा हिच्या गाद्यांमुळे. टपरीवर त्याचं बोलणं थांबलं असं समजू नये. सॅक्सोफोनला आता तो नावं ठेवत नाही. नळीला भोकं असून तोंडाशी पत्तीही नाही, नुसत्या कडेवर हवा मारायची, हे काय वाजवणं झालं, असं म्हणून हल्ली तो बासरीवाल्यांना नावं ठेवतो. ट्रम्पेट कपाटावर आहे. वर्षातून एकदा, वस्तादांच्या तिथीला, किम-ह्यो ते पुसते. तो पुसत नाही.

तेंग-खो आता एकाहत्तर वर्षांचा आहे. बुन-पिनच्या बँडमध्ये तो शेवटच्या रांगेत जाड आवाजाचा बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतो, आणि चावण्याची सवय न गेल्यामुळे त्याला महिन्याला बोरूच्या पत्त्यांचं एक खोकं लागतं.